घरच्या फाइल सर्व्हरचा वेग ११ एमबीच्या वर जाईना

पिंपळपान (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. तीन आठवडे एकाच गोष्टीशी झगडते आहे, आता तुमची मदत हवी आहे.

घरात एक जुना डेस्कटॉप फाइल सर्व्हर म्हणून ठेवलाय. त्यावर लिनक्स आणि सांबा (लिनक्सवरच्या फाइल विंडोजला दाखवणारा प्रोग्राम). वीस वर्षांचे फोटो, कॅमेऱ्याच्या टेपांवरून उतरवलेले व्हिडिओ, आईच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज असं सगळं एका जागी आणायचं आहे. यातल्या बऱ्याच गोष्टींची दुसरी प्रत कुठेच नाही, म्हणून हे काम मला घाईघाईत उरकायचं नाही.

लॅपटॉपवरून सर्व्हरवर फाइल टाकली की वेग ११.२ एमबी प्रति सेकंद. सर्व्हरवरून लॅपटॉपवर घेतली तरी ११.२. विंडोजच्या कॉपीच्या खिडकीत आलेख अगदी सरळ रेघेसारखा दिसतो, वर नाही की खाली नाही. ४० जीबीचा एक व्हिडिओ जायला तास लागतो.

वायफाय मध्ये कुठेही नाही, दोन्हीकडे तार आहे. राउटर, स्विच आणि सर्व्हरचं नेटवर्क कार्ड, तिन्ही गिगाबिटची. आतापर्यंत केलेले उपाय: सर्व्हरची रॅम ४ वरून ८ जीबी केली, लिनक्स नव्याने टाकलं, लॅपटॉपचा अँटिव्हायरस थोडा वेळ बंद ठेवून पाहिला. आकडा जागचा हलला नाही.

निळी शाई

सांबाच्या कॉन्फिग फाइलमध्ये सॉकेट ऑप्शन्सची ओळ घालून बघा. पाठवायचा आणि घ्यायचा बफर (माहिती तात्पुरती ठेवायची जागा) दोन्ही ६५५३६ करा. मी बरीच वर्षं माझ्या सर्व्हरवर हेच वापरतोय.

अर्धविराम

त्या ओळीला कृपया हात लावू नका, कारण खाली देतो. आधी तुमचा आकडा बघू. तो फार नेमका आहे.

१०० मेगाबिट भागिले ८ म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी. पण तारेवरून नुसती तुमची फाइल जात नाही. प्रत्येक पॅकेटला इथरनेट, आयपी आणि टीसीपी यांची वेष्टनं असतात. एका पॅकेटमागे तारेवरची १५३८ बाइटची जागा जाते आणि त्यात फाइलचा मजकूर असतो १४४८ बाइट. म्हणजे साधारण ९४ टक्के. १२.५ चे ९४ टक्के झाले ११.७७. आता विंडोज एमबी मोजताना १००० ऐवजी १०२४ ने भागतं, त्या हिशेबात ११.७७ चे होतात ११.२.

तुमचा आकडा दशांशापर्यंत जुळतो. या वाटेवर कुठेतरी एक जोडणी गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर चालली आहे. सरळ रेघेसारखा आलेखही तेच सांगतो. डिस्क किंवा प्रोसेसर कमी पडत असेल तर आलेख सहसा असा सपाट राहत नाही, तो डुगडुगतो. सगळं गिगाबिटवर असतं तर तुम्हाला ११२ च्या आसपास दिसलं असतं.

आता निळी शाई यांच्या सूचनेबद्दल. बफरचे आकडे हाताने लिहायचा सल्ला खूप जुन्या काळातला आहे. आजचं लिनक्स हे बफर गरजेप्रमाणे आपोआप लहानमोठे करतं. कॉन्फिगमध्ये आकडा लिहिला की ती सोय बंद पडते आणि वेग उलट कमी होऊ शकतो. कधीकाळी कुणाला फायदा झाला म्हणून त्या ओळी एका ठिकाणाहून दुसरीकडे चिकटवल्या जातात आणि वर्षानुवर्षं राहतात.

सर्व्हरवर इथटूल (नेटवर्क कार्डाची माहिती देणारी आज्ञा) चालवून कार्डाचा स्पीड किती दिसतो ते सांगा. लॅपटॉपवर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसेल, तोही सांगा.

निळी शाई

तुमचं वाचून माझ्याकडे ती ओळ काढून मोजलं. वेग तेवढाच राहिला, कमी झाला नाही. म्हणजे इतकी वर्षं ती उगाचच होती. काढून टाकतो.

पिंपळपान

दोन्ही पाहिलं. सर्व्हरवर १०००, फुल डुप्लेक्स. लॅपटॉपवरही १०००. मग १०० ची जोडणी आहे तरी कुठे?

अर्धविराम

लिंक स्पीड फक्त शेजारच्या खोक्यापर्यंतचा असतो. लॅपटॉप १००० म्हणतो तेव्हा तो ज्या स्विचला जोडलाय तिथपर्यंत १०००, एवढाच त्याचा अर्थ. त्यापुढे काय आहे ते लॅपटॉपला कळत नाही. सर्व्हरचंही तसंच.

लॅपटॉपपासून सर्व्हरपर्यंत तार कुठून कुठे जाते ते क्रमाने लिहा, भिंतीतला भागही सोडू नका. आणि दोन्ही यंत्रांवर आयपर्फ-३ टाका. सर्व्हरवर ते ऐकण्याच्या मोडमध्ये सुरू करायचं, लॅपटॉपवरून सर्व्हरचा पत्ता देऊन चालवायचं, मग उलट्या दिशेचा पर्याय देऊन पुन्हा एकदा. आयपर्फमध्ये डिस्कही नाही आणि सांबाही नाही, नुसतं नेटवर्क मोजलं जातं. तिथे ९४० मेगाबिटच्या आसपास आलं तर माझं म्हणणं चुकलं आणि आपण दुसरीकडे शोधू.

पिंपळपान

आयपर्फ जाताना ९४.१ मेगाबिट, येताना ९४.०.

वाट अशी आहे: लॅपटॉप, वरच्या खोलीतला छोटा स्विच, तिथून भिंतीवरचं सॉकेट, भिंतीतली तार, खाली दुसरं सॉकेट, राउटर, सर्व्हर.

तुमचं वाचून स्विचसमोर जाऊन बसले. लॅपटॉपच्या पोर्टचा दिवा हिरवा आहे. भिंतीकडे जाणाऱ्या पोर्टचा नारिंगी! स्विचच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की हिरवा म्हणजे १०००, नारिंगी म्हणजे १००. हा दिवा रोज समोर लुकलुकत होता आणि मला वाटायचं नारिंगी म्हणजे माहिती जा-ये करते आहे.

रातकिडा

सापडलं म्हणायचं. १०० मेगाबिटला लॅन केबलमधल्या आठपैकी चारच तारा लागतात, १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. त्यामुळे ४, ५, ७, ८ यांपैकी एखादी तार तुटली किंवा नीट बसली नसेल तर इंटरनेट चालतं, पिंग जातं, सगळं छान वाटतं. दोन्ही टोकं आधी गिगाबिट जुळवायचा प्रयत्न करतात, जमलं नाही की गपचूप १०० वर उतरतात. चूक म्हणून कुठेही काही दिसत नाही.

भिंत फोडायचा विचार आत्ता करू नका. दहातल्या नऊ वेळा दोष तारेत नसतो, सॉकेटमध्ये असतो. आधी एक लांब केबल जमिनीवरून टाकून राउटर आणि वरचा स्विच थेट जोडा आणि आयपर्फ घ्या. मग दोन्ही सॉकेटची झाकणं उघडून तपकिरी आणि निळी जोडी नीट बघा.

पिंपळपान

जिन्यावरून केबल टाकली. आयपर्फ ९४१! दोन्ही दिशांना.

मग सॉकेट उघडली. खालचं व्यवस्थित होतं. वरच्यात आठवी तार, नुसती तपकिरी, खाचेत वरवर बसवलेली होती. खाचेतली दोन पाती तारेचं वेष्टन कापून तांब्याला टेकायला हवीत ना, तिथे वेष्टनावर फक्त दोन बारीक ओरखडे होते. नखाने उचलली तर तार अलगद वर आली. बसवल्या दिवसापासून ती तांब्याला टेकलीच नसणार.

पंचडाउन हत्यार (खाचेत तार दाबून बसवायचं) मागवलंय. सॉकेट बसवताना काय काळजी घ्यायची?

रातकिडा

जुनी टोकं कापून टाका आणि ताजी तार घ्या. जोडीचा पीळ जेवढ्यास तेवढा उलगडा, १३ मिलीमीटरहून जास्त अजिबात नको. त्या पिळामुळेच शेजारच्या जोडीचा गोंगाट अडतो. रंगांचा क्रम खालच्या सॉकेटमध्ये जो आहे तोच वर ठेवा. सॉकेटवर ए आणि बी असे दोन क्रम छापलेले असतात, एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी असं होऊ देऊ नका. आणि तार कापल्यावर आतला धातू बघा. तांब्यासारखा लालसर हवा. कापलेल्या तोंडाशी चंदेरी दिसला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. ती ठिसूळ असते, खाचेत तुटते, तशी निघाली तर मात्र बदलाच.

पाऊलवाट

धाग्यात मध्येच घुसतो, माफ करा. माझा लॅपटॉप वायफायवर ८६६ मेगाबिट दाखवतो, पण सर्व्हरवरून कॉपी ५५ ते ६० एमबीच्या वर जात नाही. माझ्याकडेही कुठेतरी तार ढिली असेल का?

अर्धविराम

नाही, तुमचं ठीक चाललंय. ८६६ हा हवेतला वेग आहे. वायफायमध्ये एका वेळी एकच जण बोलू शकतो आणि बराच वेळ पोच देण्यात आणि आपली पाळी येण्याची वाट बघण्यात जातो. ८६६ वर प्रत्यक्षात साधारण ४५० ते ५०० मेगाबिट हाती लागतात, म्हणजे तुमचे ५५-६० एमबी. मोठं काम असेल तेव्हा तार जोडा.

सागरगोटा

+१ आणि माझीही अडचण. माझ्याकडे आयपर्फ ९४० देतं, डिस्क सर्व्हरवरच मोजली तर १८० एमबी देते, पण शेअरवरून कॉपी केली की ४५. सर्व्हर म्हणजे एक छोटा एआरएम बोर्ड (फोनसारख्या प्रोसेसरचा छोटा संगणक) आहे. दुसऱ्या जुन्या लॅपटॉपवरून तोच शेअर १०० देतो. नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, २४एच२.

कोरी पाटी

सागरगोटा, कॉपी चालू असताना बोर्डवर टॉप (कोणती प्रोसेस किती प्रोसेसर वापरते ते दाखवणारी आज्ञा) उघडा. सांबाची एक प्रोसेस एकाच कोअरला १०० टक्क्यांवर घेऊन बसलेली दिसेल असं वाटतं.

सांबा आणि विंडोज एकमेकांशी एसएमबी या पद्धतीने बोलतात, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, होम प्रकार सोडला तर, एसएमबी साइनिंग मुळातच सक्तीचं ठेवलेलं असतं. प्रत्येक संदेशावर सही होते, ती सर्व्हरलाही करावी आणि तपासावी लागते. एईएस या सांकेतिकीकरणाची गणितं हार्डवेअरमध्ये करण्याची सोय असलेल्या प्रोसेसरला हे जाणवतही नाही. काही छोट्या बोर्डांत ती सोय नसते, रास्पबेरी पाय ४ मध्ये नाही, पाय ५ मध्ये आहे. जुन्या लॅपटॉपशी साइनिंगशिवाय बोलणी होत असतील म्हणून तिकडे १०० मिळतात. साइनिंग बंद करता येतं, पण ते मध्येच कुणी फाइलमध्ये ढवळाढवळ करू नये म्हणून आहे. मी असतो तर ते चालू ठेवून बोर्ड बदलायचा विचार केला असता.

सागरगोटा

पाहिलं. सांबा एका कोअरवर ९९ टक्के. पाय ४ च आहे. धन्यवाद, आता निदान कारण तरी कळलं.

पिंपळपान

सॉकेट बसवलं, दिवा हिरवा झाला, भिंतीतल्या तारेवरूनही ९४१ मिळतात. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पण आनंद पाच मिनिटंच टिकला. २० जीबीची फाइल सर्व्हरवर टाकली. पहिले काही सेकंद ११२ आणि मग घसरत ३५ वर आली आणि तिथेच राहिली. तीच फाइल नंतर सर्व्हरवरून परत घेऊन बघितली तर सुरुवातीला ११२ मिळाले. म्हणजे वाचायला ठीक, लिहायला हळू?

कोरी पाटी

दोन प्रश्न. घसरण नेमकी किती जीबीनंतर झाली? आणि परत वाचताना ११२ शेवटपर्यंत होते का?

ही डिस्क सर्व्हरला कशी जोडली आहे ते धाग्यात कुठेही आलेलं नाही.

पिंपळपान

पुन्हा करून पाहिलं. दीड जीबीच्या आसपास घसरायला लागतं. वाचतानाही ११२ शेवटपर्यंत नव्हते, मी मध्येच थांबवलं होतं. आता दोन महिन्यांपूर्वीचा एक व्हिडिओ वाचून बघितला तर सुरुवातीपासून ३६. डिस्क बाहेरची आहे, यूएसबीची, खिशात मावते तसली. एक्स्ट४ (लिनक्सची फाइल-रचना) केलेली. सर्व्हरच्या मागच्या निळ्या पोर्टात लावली आहे, म्हणजे यूएसबी ३ च.

कोरी पाटी

मग वाचायला ठीक नव्हतंच. नुकतीच लिहिलेली फाइल सर्व्हरच्या रॅममध्ये असते, परत मागितली की जेवढी रॅममध्ये असेल तेवढी तिथूनच मिळते, डिस्कला कुणी विचारतही नाही. म्हणून मोजताना बरेच दिवस न उघडलेली फाइल घ्यायची, तुम्ही आत्ता घेतली तशी.

दीड जीबीचाही अर्थ लागतो. लिनक्स लिहायचा मजकूर आधी रॅममध्ये घेतं, सहसा मोकळ्या रॅमच्या २० टक्क्यांपर्यंत. तुमच्या ८ जीबीत हे दीड जीबीच्या आसपास येतं. तेवढं भरलं की लिहिणाऱ्याला डिस्कच्या वेगाने चालावं लागतं. घसरण ४०-५० जीबीनंतर झाली असती तर मी वेगळं काही म्हटलं असतं.

आणि ३५-३६ हाही ओळखीचा आकडा आहे. यूएसबी २ चा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात डिस्कवर ३० ते ४० एमबी मिळतात. तुमची डिस्क निळ्या पोर्टात असली तरी यूएसबी २ वर चालली आहे. एलएसयूएसबी (जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी देणारी आज्ञा) झाडाच्या रूपात चालवा, डिस्कच्या ओळीच्या शेवटी ४८० दिसतं की ५००० ते बघा. त्यानंतर डिस्कच्या बाजूचं केबलचं टोक नीट बघा.

हा दोष पहिल्यापासून होता. ११ ची अडवणूक असताना ३५ ची दिसत नव्हती, एवढंच.

पिंपळपान

४८० च आहे.

केबल काढून पाहिली. डिस्कवरचं भोक रुंद आहे, दोन भागांचं, एक मोठा आणि शेजारी एक छोटा. माझी केबल फक्त मोठ्या भागात बसली होती, छोटा भाग रिकामा! ही जुन्या फोनच्या चार्जरची केबल असणार. डिस्कची मूळ केबल कपाटात होती, आखूड म्हणून मीच मागच्या वर्षी बदलली होती. इतकी वर्षं यूएसबी वापरते, पण अर्ध्या भोकात बसणारी केबल चालते हे माहीत नव्हतं.

कोरी पाटी

ती मायक्रो-बी. यूएसबी ३ च्या रुंद भोकात जुनी टोकं बसावीत म्हणून ते मुद्दाम तसं केलंय. चालतं, पण यूएसबी २ च्या वेगाने.

पिंपळपान

मूळ केबल लावली. आता ५००० दिसतं. लिहायला ११०, वाचायला ११२, जुना व्हिडिओसुद्धा. ४० जीबी सहा मिनिटांत गेले.

पण रात्री मोठा साठा लावून झोपले आणि सकाळी लॉग बघितला तर साधारण ७० जीबीनंतर वेग २५ ते ६० मध्ये वरखाली होत होता. हे काय?

कोरी पाटी

हे ते वेगळं कारण. खिशात मावणाऱ्या मोठ्या डिस्क बहुधा एसएमआर असतात. त्यात माहितीचे माग एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले असतात, त्यामुळे एक माग बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. डिस्क आधी एका राखीव पट्ट्यात पटापट लिहून घेते, पट्टा भरला की ही आवराआवर लिहितानाच करावी लागते. तुमचं काम एकदा भरून ठेवायचं आणि मग वाचायचं असं आहे, त्याला ही डिस्क चालेल. रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवायच्या रचनेत) मात्र घालू नका.

पिंपळपान

कळलं, रात्रभर चालू देते.

फोटोंच्या फोल्डरमध्ये ४६ हजार फाइल आहेत, तिथे वेग ६-७ वरच राहतो. ते मी आता समस्या धरत नाही. प्रत्येक फाइलसाठी उघडणं, हक्क तपासणं, बंद करणं अशी ये-जा होते, बरोबर ना? सगळं एका टार फाइलमध्ये बांधून पाठवलं आणि सर्व्हरवर सोडलं, झटकन झालं.

आता खरा प्रश्न. तीन आठवडे त्या सदोष सॉकेटवरून बरंच काही गेलं आहे. ते नीट गेलं असेल का?

अर्धविराम

१०० वर चालताना ज्या चार तारा वापरात होत्या त्या चांगल्या होत्या. शिवाय इथरनेट प्रत्येक फ्रेमची बेरीज तपासतं, बिघडलेली टाकून देतं, आणि टीसीपी ती पुन्हा मागवतं. तारेमुळे फाइल बिघडली असेल असं मला वाटत नाही. पण दुसरी प्रत नाही म्हणालात. मग विश्वासावर सोडू नका. दोन्हीकडे प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ (तिच्या मजकुरावरून निघणारा, ठशासारखा आकडा) काढा आणि याद्या जुळवा. जुळेपर्यंत मूळ काही पुसू नका. आणि सर्व्हरवरची प्रत जुळल्यावर तिसरी एखाद्या वेगळ्या डिस्कवर घ्या, ती घराबाहेर ठेवा.

पिंपळपान

दोन रात्री लागल्या. सगळ्या याद्या जुळल्या, दोन फाइल सोडून. त्या दिवशी कॉपी चालू असताना लॅपटॉप झोपी गेला होता, तेव्हाच्या त्या. सर्व्हरवर आकार मूळ फाइलएवढाच दिसत होता, म्हणून मी त्या झाल्या असं धरलं होतं. त्यातली एक आईचं रेकॉर्डिंग होतं. वाजवून पाहिलं, अठराव्या मिनिटानंतर नुसती शांतता.

मूळ लॅपटॉपवर होतंच. पुन्हा पाठवलं, एसएचए जुळला, आणि मग शेवटपर्यंत ऐकलं. तिसऱ्या प्रतीची डिस्क उद्या बहिणीकडे नेऊन ठेवते. अर्धविराम, रातकिडा, कोरी पाटी, तुम्हा तिघांचे मनापासून आभार.